मांजराची नखं काढावीत का?

मांजराला आपल्याकडे वाघाची मावशी म्हणतात. या नात्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. वाघ मावशीकडे शिकायला आला. मावशीने त्याला दबा धरायला शिकवले, पावलाचा आवाज न करता चालायला शिकवले, झेप घ्यायला शिकवले. विद्या पुरी होताच भाचा मावशीवरच उलटला. मावशी सरसर झाडावर चढली. वाघ खालून म्हणाला, "मावशी, हे नाही शिकवलंस!" मावशी म्हणाली, "तेवढं मी माझ्यापुरतं ठेवलं होतं."

मावशीने राखून ठेवलेली ती विद्या नखांच्या जोरावर चालते. आज त्या नखांविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत.

निमित्त असं झालं. पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या भागातले एक निवृत्त गुरुजी गुरांच्या दवाखान्यात आले. बरोबर गाय नाही, शेळी नाही, कुत्रं नाही. बाकावर टेकले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आज जनावर आणलेलं नाही. एक विचारायचं होतं."

"विचारा की, गुरुजी."

गुरुजींची लेक अमेरिकेत असते. तिने तिथल्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक मांजर घरी आणलं. मांजर गुणी, पण नव्या सोफ्याची एक बाजू त्याने ओरबाडून काढली. गुरुजींच्या दोन वर्षांच्या नातीच्या हातावरही एकदा नखं उमटली. कुणा ओळखीच्या बाईंनी सांगितलं, इथे शस्त्रक्रिया होते, मांजराची नखं कायमची काढून टाकतात, एकदा केलं की घोर मिटला. जावयांना ते पटलं. लेकीचं मन धजेना. तिने वडिलांना फोन लावला.

"मी तिला म्हटलं, त्यात काय एवढं?" गुरुजी सांगत होते. "नखंच तर काढायची. आपण दर आठवड्याला काढतो. तर म्हणाली, आबा, तसं नाही, ऑपरेशन आहे. मग मला काही सुचेना. म्हणून तुमच्याकडे आलो."

श्रोतेहो, घोटाळा गुरुजींचा नव्हता, शब्दाचा होता. मराठीत आपण 'नखं काढली' म्हणतो तेव्हा वाढलेली टोकं कापली, एवढाच अर्थ असतो. त्यात रक्त नाही, दुखणं नाही. मांजराची नखं काढण्याची ती शस्त्रक्रिया मात्र अगदी वेगळी आहे. ती समजण्यासाठी आधी मांजराचा पंजा समजला पाहिजे.

आपला हात समोर धरा. बोटाला तीन पेरं आहेत. शेवटच्या पेरावर, वरच्या बाजूला, नख चिकटून बसलं आहे. एखाद्याचं नख ठेच लागून उखडलं तरी पेर शाबूत राहतं आणि काही महिन्यांनी नवं नख येतं. मांजराचं तसं नाही. त्याचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातूनच वाढतं. हाड आणि नख यांची मोट इतकी पक्की असते की नख कायमचं घालवायचं तर ते हाडच काढावं लागतं. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

मांजराला पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार अशी एकूण अठरा नखं असतात. मांजर निवांत बसलेलं असताना ती दिसत नाहीत. शेवटच्या हाडाला रबरासारखे ताणले जाणारे बंध असतात. ते नखाला मागे खेचून कातडीच्या घडीत लपवून ठेवतात. मांजराने पाय आवळला की खालच्या बाजूची शीर हाडाला ओढते आणि नख बाहेर येतं. शिवाजी महाराजांची वाघनखं आपल्याला ठाऊक आहेत. मूठ मिटली की ती दिसत नसत, काम पडलं की बाहेर येत. माणसाने ती युक्ती वाघाच्या कुळाकडूनच घेतली असावी.

चालताना नखं आत राहिल्याने ती जमिनीवर झिजत नाहीत आणि त्यांची धार टिकते. कुत्र्याची नखं सदा बाहेर असतात, म्हणून ती बोथट होतात.

आता ही नखं मांजराच्या कोणत्या कामी येतात ते पाहू. पहिलं काम भक्ष्य धरण्याचं. धान्याच्या कणगीमागे उंदीर धरताना मांजर आधी पंजा टाकतं, मग तोंड घालतं. दुसरं काम जीव वाचवण्याचं. कुत्रं मागे लागलं की मांजर झाडाच्या खोडावर किंवा कुडाच्या भिंतीवर चढतं, ते नखांच्या आधाराने. तिसरं काम अंग ताणण्याचं. झोपेतून उठलेलं मांजर पुढची नखं कशात तरी रोवतं, पाठीची कमान करतं आणि खांद्यापासून शेपटीपर्यंत सगळं अंग मोकळं करतं. आपल्या आळोखेपिळोख्यांसारखंच ते आहे, फक्त त्याला नखांची खुंटी लागते.

चौथं काम आपल्या खुणा ठेवण्याचं. मांजराच्या पंजात गंध सोडणाऱ्या ग्रंथी असतात. खोड ओरबाडलं की डोळ्यांना ओरखडा दिसतो आणि दुसऱ्या मांजराच्या नाकाला गंध कळतो. हे घर आपलं, हा खांब आपला, असं ते सांगत असतं. जुन्नरच्या बाजूला किंवा सह्याद्रीच्या कडेला राहणाऱ्यांनी बिबट्याचे असे ओरखडे झाडांच्या सालीवर पाहिले असतील. बिबट्या खोडावर जे करतो, तेच मांजर सोफ्यावर करतं. शिवाय नखावर कांद्यासारखे पापुद्रे असतात. ओरबाडताना वरचा जुना पापुद्रा गळून पडतो आणि खालचं नवं अणकुचीदार नख वर येतं.

तेव्हा मांजर सोफा ओरबाडतं ते खोडी म्हणून नाही आणि सूड म्हणूनही नाही. त्याला ते करावंच लागतं. ते कुठे करायचं, एवढंच आपण शिकवू शकतो.

आता त्या शस्त्रक्रियेकडे येऊ. मांजराला भूल देतात. मग पुढच्या दोन्ही पायांच्या दहा बोटांची शेवटची हाडं सांध्यातून कापून काढतात. कुणी चाकू वापरतं, कुणी कातरीसारखं हत्यार, कुणी लेसर किरण. हत्यार बदललं तरी कापलं जातं ते हाडच. त्याच्याबरोबर ते बंध, ती शीर आणि तिथल्या मज्जाही कापल्या जातात. आपल्या हाताशी तुलना करायची तर दहाही बोटांचं शेवटचं पेर छाटल्यासारखं होतं.

आपण हातावर चालत नाही. मांजर मात्र बोटांवरच चालतं, तळपाय टेकवत नाही. अंगाचा भार ज्या बोटांवर पडतो, त्यांचीच टोकं गेली की पाऊल टाकण्याची तऱ्हा बदलते. बदललेल्या चालीचा ताण पुढे सांध्यांवर आणि पाठीवर येऊ शकतो. जखम पिकणं, रक्त येणं, लंगडणं हेही घडतं. हाडाचा कण मागे राहिला तर त्यातून वेडंवाकडं नख पुन्हा उगवतं आणि कातडीच्या आत टोचत राहतं.

अमेरिकेत याची एक पाहणी झाली. ती २०१८ साली मांजरांच्या वैद्यकाला वाहिलेल्या एका मासिकात छापली गेली. नखं काढलेली १३७ मांजरं आणि नखं असलेली १३७ मांजरं तपासली गेली. नखं काढलेल्या मांजरांत पाठदुखीचा संभव जवळजवळ तिप्पट आढळला. ठरलेली जागा सोडून घरात भलतीकडे घाण करण्याचा संभव सात पट आढळला. चावण्याचा संभव चौपटीहून अधिक आढळला. क्ष-किरण चित्रं काढली तेव्हा नखं काढलेल्या शंभरातल्या त्रेसष्ट मांजरांच्या पंजात हाडाचे तुकडे मागे राहिलेले दिसले.

याचा अर्थ असा नाही की नखं काढलेलं प्रत्येक मांजर दुखण्याने कण्हत असतं. कित्येक मांजरं वरवर ठीक दिसतात. पण मांजर हे दुखणं लपवणारं जनावर आहे. बैल लंगडला की मालकाला लगेच कळतं. मांजर कोपऱ्यात जाऊन बसतं आणि घरचे म्हणतात, अलीकडे फार शांत झालंय.

असली शस्त्रक्रिया निघाली तरी कशी, हा प्रश्न गुरुजींनीही विचारला. त्याचं उत्तर घराच्या दाराशी आहे. पूर्वी अमेरिकेतलं मांजरही आपल्या खेड्यातल्या मांजरासारखंच होतं. दिवसा कोठारात, रात्री बाहेर, आणि विधीसाठी अंगणातली माती. घरात ठेवायचं तर पेटीत राख किंवा वाळू भरावी लागे. १९४७ साली मिशिगन राज्यातल्या एडवर्ड लो नावाच्या गृहस्थाने राखेऐवजी ओल शोषून घेणारी भाजकी माती शेजारणीला दिली. ती सोयीची ठरली आणि तिचा मोठा धंदा उभा राहिला. मांजर चोवीस तास घरात राहू लागलं. घरात झाड नव्हतं, कुड नव्हता, होती ती गाद्यांची फर्निचरं. मांजराने आपलं झाड तिथे शोधलं. १९५० नंतरच्या काळात तिथल्या दवाखान्यांत नखं काढण्याची शस्त्रक्रिया रूढ होत गेली. कित्येक घरमालक तर भाडेकरूला तशी अटच घालू लागले. म्हणजे मांजर घरात आणलं माणसाने, बाहेरचं झाड तोडलं माणसाने, आणि बोटं गेली मांजराची.

यावर एक रास्त शंका निघते, ती लहान मुलाची. सोफा गेला तर गेला, पण पोराला ओरखडलं तर? आईबापांच्या या काळजीला हसून चालणार नाही. परंतु ओरखडा आणि चावा यांत चावा अधिक वाईट. मांजराचा दात सुईसारखा असतो. जखम बाहेरून लहान दिसते, पण जंतू खोल जातात. ज्या मांजराचं पहिलं हत्यार काढून घेतलं, त्याच्याकडे दुसरं हत्यार दातांचंच उरतं. मांजराच्या ओरखड्यातून बार्टोनेला नावाच्या जंतूचा ताप येऊ शकतो, हे खरं. ज्यांची रोगाशी लढण्याची शक्ती फार कमी झाली आहे, त्यांना तो जड जातो. तरीदेखील अमेरिकेच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने अशा रुग्णांच्या मांजरांचीही नखं काढण्याचा सल्ला दिलेला नाही. त्यांचं सांगणं असं की पिसवांचा बंदोबस्त करा, मांजराशी दांडगाईने खेळू नका आणि ओरखडा लगेच धुवा. कारण तो जंतू मांजरांमध्ये पसरतो तो पिसवांमुळे.

इथे आपल्या घरांसाठी एक गोष्ट ठासून सांगतो. आपल्या देशात पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, अजून आहे. तो कुत्र्याकडूनच होतो असं नाही, मांजराकडूनही होऊ शकतो. मांजर चावलं किंवा त्याने ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. मिरची, चुना, हळद, तेल काहीही भरू नका. ओरखडा लहान आहे म्हणून घरी बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तितकी इंजेक्शनं पुरी करा. घरच्या मांजरालाही रेबीजची लस टोचून घ्या. पोराचं रक्षण लसीने आणि साबणाने होतं.

आता कायद्याचं पाहू. युरोपातल्या देशांनी पाळीव प्राण्यांविषयी १९८७ साली एक करार मांडला. त्यात वैद्यकीय कारण नसताना मांजराची नखं काढणं निषिद्ध ठरवलं. ब्रिटनमध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने त्याला मनाई आहे. इस्राएलने २०११ साली बंदी घातली. कॅनडात २०१८ साली नोव्हा स्कोशिया या प्रांताने पहिलं पाऊल टाकलं. तिथे पशुवैद्यकांनी स्वतःच आपल्या नियमांत बंदी आणली, आणि मग एकेक प्रांत मागोमाग आला. खुद्द अमेरिकेत २००३ साली वेस्ट हॉलिवूड या लहानशा शहराने बंदी केली. २०१२ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला की घरमालकाला भाडेकरूवर अशी अट लादता येणार नाही. सबंध राज्यात बंदी घालणारं पहिलं राज्य न्यूयॉर्क, साल २०१९. पुढे २०२२ साली मेरीलँड आणि २०२४ साली व्हर्जिनिया यांनी ती वाट धरली, आणि नंतर आणखी काही राज्यांनीही. या सगळ्या ठिकाणी आजारी नखासाठी मुभा आहे.

विरोधही झाला. काही पशुवैद्यक म्हणत, बंदी आली तर लोक मांजरं सोडून देतील, निवारे भरून जातील. शंका प्रामाणिक होती. म्हणून कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी पडताळून पाहिल्या. निवाऱ्यात सोडलेल्या मांजरांची संख्या बंदीमुळे वाढल्याचं दिसलं नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांची मोठी संघटनाही आता निव्वळ सोयीसाठी ही शस्त्रक्रिया करू नये असंच सांगते.

हे सगळं ऐकून गुरुजी गप्प बसले. पण बाकावर एक शेतकरी आपल्या बैलाचं औषध न्यायला थांबले होते. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक बोलू का? आम्ही बैलाला वेसण घालतो, खच्ची करतो. कधी शिंगंही कापतो. मग आम्ही सगळेच गुन्हेगार का?"

प्रश्न सडेतोड होता आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. आपल्या देशाचा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. त्याआधी राज्यसभेत या विषयाचं विधेयक मांडून रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्याची वाट तयार केली होती. त्या कायद्याने जनावराचा अंगभंग करणं हा गुन्हा ठरवला. शिंगं काढणं, खच्ची करणं, डाग देणं आणि वेसण घालणं हे ठरलेल्या पद्धतीने केलं तर मात्र त्यातून वगळलं. म्हणजे शेतकऱ्याची गरज कायद्याने ओळखली. त्या वगळलेल्यांच्या यादीत मांजराची नखं नाहीत.

परंतु कायदा बाजूला ठेवूनही एक कसोटी लावता येते. जनावराच्या अंगाला हत्यार लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे कशासाठी? याने जनावराचं काही भलं होतं का? याच्यावाचून दुसरा मार्ग आहे का? बैलाला शिंगाचा कर्करोग होतो, तेव्हा आपण शिंग काढतो, कारण नाही काढलं तर बैल जातो. तसाच मांजराच्या एखाद्या बोटाला कर्करोग झाला किंवा नख बरं न होण्याइतकं पिकलं, तर ते बोट काढणं हा औषधोपचार आहे. मांजराची नसबंदी आपण करतो. तिने दर वर्षी होणारी आणि वाऱ्यावर मरणारी पिल्लं टळतात, बोक्यांच्या मारामाऱ्या कमी होतात, आणि तिला दुसरा सोपा मार्ग नाही. या कसोटीला सोफ्यासाठी छाटलेली बोटं उतरत नाहीत. फायदा सोफ्याचा होतो आणि दुसरा मार्ग तर अगदी हाताशी आहे.

मी त्या शेतकऱ्यांना आणखी एक सांगितलं. ही कसोटी मांजराच्या मालकालाच लावायची असं नाही. वासराचं शिंग भूल न देता कापणं, वेसण ओढून नाक फाडणं, यांनाही ती लावावी. त्यांनी मान हलवली आणि औषध घेऊन गेले.

आता तो दुसरा मार्ग. मांजराला ओरबाडायला त्याची स्वतःची जागा द्या. अडीच-तीन फूट उंचीचा एक लाकडी खांब घ्या. मांजराने पूर्ण अंग ताणलं तरी पंजा वर पुरला पाहिजे. त्यावर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा किंवा गोणपाट ठोका. खांब हलता कामा नये. एकदा डगमगला की मांजर त्याच्याकडे फिरकत नाही. मांजर जिथे ओरबाडतं तिथेच, सोफ्याला लागून, किंवा झोपेच्या जागेजवळ तो उभा करा. कोपऱ्यात दडवू नका, कारण खूण ही चार जणांना दिसण्यासाठी असते. सोफ्याच्या त्या बाजूवर काही दिवस जाड चादर किंवा चिकटपट्टी लावा. मांजर खांबाकडे गेलं की खाऊ द्या. मारू नका. माराने ते ओरबाडणं सोडत नाही, तुमच्यासमोर ओरबाडणं सोडतं.

दुसरं म्हणजे नखांची टोकं कापणं, अगदी गुरुजींच्या अर्थाने 'नखं काढणं'. मांजर पोटभर खाऊन पेंगलेलं असताना त्याला मांडीवर घ्या. एक बोट वरून आणि खालून हलकेच दाबा, नख बाहेर येईल. उजेडात पाहिलं की नखाच्या मुळाकडे गुलाबी भाग दिसतो. तो जिवंत भाग, त्यात रक्त आहे आणि संवेदना आहे. त्याला धक्का न लावता पुढचं पांढरं, वाकडं टोक तेवढं कापा. चुकून रक्त आलंच तर स्वच्छ कापूस थोडा वेळ दाबून धरा. एका दिवशी एकच पंजा झाला तरी चालेल. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा कापा. हे मात्र घरातच राहणाऱ्या मांजरासाठी. आपल्या शेतात, वाड्यात फिरणाऱ्या मांजराची टोकंही कापू नका. त्याला कुत्र्यापासून जीव वाचवायचा आहे.

तिसरं, लेकराला शिकवा. शेपूट ओढायची नाही, खाताना हात लावायचा नाही, झोपलेल्याला उठवायचं नाही. अगदी लहान मूल आणि मांजर यांना एकटं सोडू नये. मांजराला उंचावर बसायला एक फळी द्या. कंटाळलं की ते तिकडे निघून जातं. कोंडलेलं मांजर अंगावर येतं, हे आपल्या आज्यांना माहीत होतं.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. या विषयाचा पाठ शाळेच्या अंगणात घेता येतो. पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीत मुलांना कुत्र्याची आणि मांजराची पावलं शोधायला सांगा. दोन्हींत चार बोटं उमटलेली दिसतील. कुत्र्याच्या बोटांपुढे नखांचे ठिपके असतील, मांजराच्या पुढे नसतील. असं का, हे मुलांना विचारा. लपलेल्या नखांचं उत्तर मुलं आपणच काढतील. बिबट्याच्या पावलातही एरवी नखं उमटत नाहीत आणि तरसाच्या पावलात उमटतात. डोंगराकडेच्या गावातल्या मुलांना हे ज्ञान उपयोगीही पडेल.

गुरुजींनी त्याच रात्री लेकीला फोन केला. शब्दांतला फरक त्यांनी तिला शाळेतल्या फळ्यावर समजावतात तसा समजावला. काढणं वेगळं आणि छाटणं वेगळं, असं त्यांनी सांगितलं म्हणे. जावयांनी खांब आणला. पहिले आठ दिवस मांजराने त्याच्याकडे पाहिलंही नाही. गुरुजींचा मला रोज निरोप, "अजून नाही हो डॉक्टर." नवव्या दिवशी मांजराने खांबावर पंजा टाकला. अजून अधूनमधून ते सोफ्याकडे वळतं. सोफ्याची फाटलेली बाजू फाटलेलीच आहे. तिच्यावर आजीने पाठवलेली गोधडी घातली आहे आणि मांजर त्या गोधडीवर झोपतं, नखं आत घेऊन.

श्रोतेहो, आपल्या गावात उद्या कोणी मांजराच्या नखांची शस्त्रक्रिया मागायला येईल असं नाही. पण आपली मुलंबाळं शहरात आहेत, परदेशात आहेत. बंद घरात मांजर पाळतात आणि अडचण आली की घरच्या वडीलधाऱ्यांना विचारतात. त्या वेळी 'त्यात काय एवढं' असं आपल्या तोंडून जाऊ नये. एक वेळ आपलं बोट समोर धरावं, शेवटचं पेर पाहावं, आणि मग उत्तर द्यावं.